हार्लनने मागितलेला चाकू

"कोय, तुझा चाकू दे जरा," हार्लन टॅकेट म्हणाला.

कोर्टाच्या पायऱ्यांवर रांग लागली होती. पुढे म्हातारा सासरा हार्लन, मागे जावई कोय. कोयची बायको लुएला वारल्यापासून हा माणूस कोयशी धड बोलला नव्हता. तिच्या दुःखात कोय दारूत बुडाला, गुत्त्यात एकाचं नाक फोडून बसला आणि त्यांची लहानगी लेक मेव्ह आजी-आजोबांकडे गेली. आता त्याने दारू सोडली होती. लाकडाच्या वखारीत नोकरी धरली होती. मेव्ह कुणाकडे राहणार ते आज ठरणार होतं, आणि तिचा ताबा हार्लननेही मागितला होता. वकिलाने कोयला बजावून ठेवलं होतं, की आता बारीकशी केस जरी अंगावर आली, तरी पोरीला विसर.

आणि नेमका आजच म्हाताऱ्याला चाकू हवा होता.

तसं मागण्यात वावगं काहीच नव्हतं. त्या डोंगराळ मुलखात पुरुष पँट चढवतो आणि त्याच हाताने चाकू खिशात टाकतो. दोरी तोडायला, सफरचंद चिरायला कुणीही कुणाकडे मागावा आणि समोरच्याने मुकाट द्यावा. कोर्टासाठी कोयने उसना सूट घातला होता, पण चाकू सवयीने त्या खिशातही येऊन बसला होता. त्याची त्याला फिकीर नव्हती. राज्याच्या कायद्यात चाकू बाळगायला मुभा होती, हे त्याने स्वतः वाचलं होतं.

पण हार्लनचा चाकू कुठे गेला? उभा जन्म शेरीफच्या पोलीस खात्यात काढलेला माणूस रिकाम्या खिशाने घराबाहेर पडला होता, यावर कोण विश्वास ठेवील? शिवाय दारातला पहारेकरी इकडेच बघत होता. म्हाताऱ्याचा डाव कोयला स्वच्छ दिसला. आत जाऊन हा न्यायाधीशांना सांगणार, बघा, पोर मागायला आलाय आणि खिशात पातं घेऊन आलाय.

"नाही आणला," कोय म्हणाला.

रांगेत खसखस पिकली. "पँट तरी स्वतःची आहे ना रे?" मागून कुणीतरी विचारलं. कोयचे कान तापले.

हार्लन हसला नाही. तो एक पायरी खाली उतरला आणि दाराकडे पाठ करून कोयच्या अगदी जवळ उभा राहिला. "चाकूची क्लिप दिसतेय खिशाला," तो हळूच म्हणाला. "दे."

आता नाही म्हणायची सोय नव्हती. कोयने चाकू त्याच्या तळहातावर ठेवला. म्हाताऱ्याने काहीच कापलं नाही. चाकू आपल्या कोटाच्या खिशात टाकला आणि पुन्हा पुढे तोंड करून उभा राहिला.

रांग सरकली, तशी भिंतीवरची पाटी कोयला वाचता आली. राज्याने काहीही म्हटलेलं असो, या शहराचा नियम निराळा होता. शहराच्या हद्दीत तीन इंचांवरचं पातं चालत नव्हतं, आणि कोर्टाच्या पहिल्या पायरीपासून तर कुठलंच पातं नाही. मोडला नियम की अटक. मागे फिरावं म्हटलं, तर रांग सोडणाऱ्यालाच पहारेकरी आधी हटकत होता. आणि फिरून तरी काय? पुरावा म्हाताऱ्याच्या खिशात होता. जन्मभर हेच नियम राबवलेल्या माणसाच्या हातात आपण आपल्या हाताने आपली मान दिली, या विचाराने त्याला स्वतःचाच संताप आला.

दाराशी पोचताच हार्लनने चाकू काढून टेबलावर ठेवला. काहीतरी पुटपुटला. पहारेकऱ्याने मान वर करून कोयकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. संपलं, कोयने मनात म्हटलं.

"साहेब, हा नियम तुम्हीच मला शिकवलात," पहारेकरी हार्लनला म्हणत होता. "आणि तुम्ही विसरलात? मला केस लिहावी लागेल. मग नातीचा ताबा तुम्हाला मिळायचा नाही."

"कळतं मला. चाकू माझाच आहे. लिही."

कोयला आधी नीट ऐकूच आलं नाही. मग तो पुढे सरसावला. "मिस्टर टॅकेट, थांबा, तो चाकू..."

हार्लनने त्याचं मनगट घट्ट धरलं आणि त्याला दारातून आत ढकललं.

"मेव्ह समोरच बाकावर बसलीये, दाराकडे डोळे लावून," तो म्हणाला. "पोरांच्या देखत त्यांच्या बापांना बेड्या घालण्यात माझा जन्म गेला, कोय. तिच्या देखत नको. जा."