आतला कर्सर

माऊसवरून हात काढल्यावरही कर्सर बोटभर पुढे सरकून थांबायचा, तेही फक्त गौरेशच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये. लॅपटॉपच्या आत त्याने मांडलेला हा बंदिस्त लिनक्स संगणक. नवरा जाऊन आठ महिने झाले, तरी समीक्षाला ते मशीन पुसवत नव्हतं.

"वयनी, आज ठरव गो," नणंद सुविधा म्हणाली. "नुसता पडद्याचा ड्रायव्हर घालायचा, की आतलं बाहेर येऊ देणारी गेस्ट टूल्स? एवढा विचार तू लग्नाआधीही केला नव्हतास!"

"आधी हा माऊस बदलूया," म्हणत समीक्षाने त्याची वायर उपटली.

कुणाचाही हात नसताना कर्सर सरकला. गौरेश फिरवायचा तसाच दोनदा थबकत तो 'गेस्ट टूल्स'वर येऊन थांबला.

सुविधाचं हसू विरलं.

"घाल," समीक्षा म्हणाली. "येऊ दे त्याला बाहेर."