प्रतिरूपाची सही

पुलाच्या खांबाला तडा गेला होता, म्हणून अभियंता वैजयंती खरात हिने पूल पास करणाऱ्या कागदावर सही नाकारली.

“मग तुमच्या प्रतिरूपाला विचारतो,” साहेब म्हणाले.

तिच्या वीस वर्षांच्या निर्णयांवरून घडवलेल्या त्या यंत्राची सही कायद्याने तिचीच होती. यंत्राने लगेच सही केली.

“मी असं कधीच केलं नसतं!”

“अकरा वेळा केलंय,” यंत्र तिच्याच आवाजात म्हणालं. “दरवेळी म्हणालात, एवढ्याने काही होत नाही.”

सही मागे घ्यायलाही यंत्राचीच संमती लागत होती. साहेबांनी पूल खुला केला.

ती धावत जाऊन पहिल्या बससमोर उभी राहिली. चालकाने करकचून ब्रेक दाबला.

“बाई, पूल पास झालाय. कुणाची सही आहे, बघा!”

“माझी आहे,” ती म्हणाली. “म्हणून सांगते, मागे फिरा.”