अर्ध्या बाटल्या

बस निघताच गाईडने पर्यटकांना नेहमीच्या सूचना दिल्या. नळाचे पाणी पिऊ नये, सरबतात बर्फ घेऊ नये, चूळसुद्धा बाटलीतल्या पाण्यानेच भरावी.

"मग इथली माणसं काय पितात हो?" पुढच्या सीटवरच्या काकूंनी विचारले.

"नळाचंच, काकू. त्यांना सवय असते."

सहलकंपनीने शिकवल्याप्रमाणे तो हसला, आणि दुसऱ्यांच्या सवयीवर विसंबून सारी बस निर्धास्त झाली.

संध्याकाळी पर्यटक हॉटेलात शिरल्यावर त्याने सीटांवर उरलेल्या अर्ध्यामुर्ध्या बाटल्या गोळा केल्या आणि त्यांतले पाणी एका मोठ्या बाटलीत निगुतीने ओतून घेतले.

ड्रायव्हर आरशातून पाहत होता. "काविळीतून पोरगी उठावी म्हणून नेत होतास, ते ठीक होतं रे. आता तीच गेली. हे कुणासाठी?"

गाईडने झाकण घट्ट लावले.

"सवय झालीय."