दुसरे हिलाल पाटील

प्रकाशा गावच्या हिलाल पाटील पहिलवानाची पाठ कधी मातीला लागली नव्हती. नंदुरबारला त्याच नावाचे नामांकित डॉक्टर होते. सन पस्तीसच्या श्रावणात म्हसावदच्या सुंदरबाईनं नुसतं नाव विचारत बैलगाडी पहिलवानाच्या दारात आणली. मांडीवर तापानं फणफणलेली लेक होती. “डागदरबाबा, मन्ही पोरले वाचाडा!” “मी पहिलवान शे, माय. डागदर हिलाल पाटील नदीपार, नंदुरबारले ऱ्हातस.” पहिलवान पोरीला खांद्यावर घेऊन घाटाकडे धावला. तापी दुथडी भरून वाहत होती. होडी पलीकडच्या तीरावर बांधलेली. नावाड्याला हाका मारून घसा बसला, तोवर खांद्यावर पोरीचा श्वास थांबला. तिला कुशीत घेऊन तो पायरीवर बसून राहिला. मागून सुंदरबाई पोचली. तिनं लेकीच्या कपाळाला हात लावला. “गार पडनी, भाऊ! उतरना ना ताप?” पहिलवानाला मान वर करवेना.