मी कुठं घोरते?

"माणसाच्या घोरण्यावर पहारा ठेवणारे तुम्ही कोण? उद्या श्वासालाही परवानगी मागायला लावाल!"

गादीवाल्यानं टेबलावर हात आपटला. इमारतीचा व्यवस्थापक ढिम्म. खुर्चीला चिकटवलेला नियमच तो.

"काका, खोली एकट्या माणसाला दिली होती. तुम्ही आत बाईमाणूस ठेवलंय."

"बायको आहे माझी."

"असेल. पण रोज दुपारी करवत चालते. वर त्या मध्येच उठून ओरडतात, 'मी कुठं घोरते?' शेजाऱ्यांना पाठ झालंय."

गादीवाल्याच्या मिशीत हसू फुटलं. जन्मभर ती हेच म्हणत आली. त्यानं तिच्यासाठी उंच उशी शिवली, मग बसकी, मग मधोमध खळगा ठेवलेली. सूर तेवढा बदलला. दुकानातला जोडीदार जेवायला आला की म्हणायचा, "वहिनी, घोरा बिनधास्त. गादीवाल्याला याहून चांगली जाहिरात कुठून मिळणार?" ती पळी उगारायची आणि त्याच्याच ताटात जास्तीचं वाढायची. लेकीनं तर एकदा आईविरुद्ध पुरावाच गोळा करायला घेतला. तेव्हाही ती डोळे चोळत भांडली.

आता लेक लांब, दुकानातला जोडीदार अंथरुणाला खिळलेला. दिवस खायला उठला की गादीवाला त्या घोरण्याशेजारी आडवा व्हायचा आणि मनातल्या मनात लेकीचे आभार मानायचा.

"त्या कधी दिसत नाहीत ते?" व्यवस्थापकानं विचारलं.

"ती आता कुठं बाहेर पडते!"

"मग लेकीकडं पाठवा त्यांना. नाहीतर आजच खोली सोडा."

"तिचा आवाज नसेल तर त्या चार भिंतींचं मी काय करू?"

"ते मला नका सांगू. चला, मला बघू दे."

दोघं जिना चढले. घोरणं बाहेरपर्यंत येत होतं. दाराला कुलूप होतं.

"आत माणूस असताना बाहेरून कुलूप? काय हो काका, लाज वाटत नाही?"

गादीवाल्यानं सावकाश किल्ली फिरवली.

व्यवस्थापक तरातरा आत शिरला आणि पलंगापाशी थबकला. चादरीवर एक सुरकुती नव्हती. खळग्याची उशी होती, आणि खळग्यात वायर लावलेला मोबाइल.

घोरणं अडखळलं. "मी कुठं घोरते? बापाला विचार तुझ्या!" मोबाइल म्हणाला. त्यातच मागून लेक खिदळली. क्षणभर शांतता, आणि घोरणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

गादीवाल्यानं दार सताड उघडलं.

"मोजा साहेब. नीट मोजा आणि सांगा, या खोलीत किती माणसं राहतात?"