खून झालेला दीर

"हाच तो, साहेब! याचा खून केला म्हणून माझे मालक जन्मठेप भोगतायत!" कौतिकाबाईने दिराचा दंड धरून त्याला न्यायमूर्तींसमोर ओढलं. भिकन मान खाली घालून उभा राहिला. भावाशी भांडून तो परमुलखात निघून गेला होता. विहिरीत सापडलेलं प्रेत गावाने त्याचंच मानलं, आणि मग कोर्टानेही.

न्यायमूर्तींनी चष्मा काढून भिकनकडे नीट पाहिलं. त्यांचा आवाज मऊ होता. "बाई, हेबियस कॉर्पसच्या अर्जात आम्ही एवढंच बघतो, की कैद बेकायदा आहे का. तुमच्या नवऱ्याला रीतसर खटला चालवून शिक्षा झाली आहे. ती चुकली असेल, तर वरच्या कोर्टात दाद मागा."

पुढचं प्रकरण पुकारलं गेलं. बाहेर आल्यावर वकील समजावू लागले, "मावशी, धीर धरा. वेळ लागणारच. चूक दुरुस्त करायचीही एक पद्धत असते."

"पद्धत मला नका शिकवू!" कौतिकाबाई उसळली. "दर पितृपक्षात मी याच्या नावाने कावळ्याला घास ठेवला. याच्या फोटोला हार घातला. परवा हा दारात उभा राहिला, तर माझ्या हातातलं ताट गळून पडलं. पण आधी स्टुलावर चढून तो हार काढला, मगच याला पाणी दिलं."

तिने दिराला वकिलांपुढे ढकललं. "जिता माणूस समोर दिसल्यावर हार काढायला किती वेळ लागतो, साहेब?"