पुलावरचं पाणी

“विमानतळापर्यंत मी तुम्हाला पोहोचवीन,” तिकिटांच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या. “पुढचा रस्ताच पाण्याखाली असेल, तर तिथे माझं काय चालणार?”

तो खुर्चीच्या कडेवर बसला होता. कामावरून तसाच आला होता. लिफ्टच्या दोरांचं वंगण अजून नखांत होतं. काचेबाहेर माणसं थंडीने खांदे आवळून चालली होती. बाईंच्या पाठीमागच्या चित्रात मात्र नारळाची झाडं होती, निळं पाणी होतं आणि एक रिकामी होडी. त्या चित्रातल्या देशात त्याचा जन्म झाला होता. तिथे आता पावसाळा होता, आणि तिथेच त्याच्या वडिलांचं शेवटचं दुखणं चाललं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते.

“या दिवसांत तिकडे कोणी जात नाही हो. अंदाजात सगळे ढगच दिसतायत.” बाईंनी चष्मा वर सरकवला. “शिवाय तुमचा इथे कायम राहण्याच्या परवान्याचा अर्ज अजून लोंबकळतोय ना? निकालाआधी देशाबाहेर पाऊल टाकलंत की अर्ज रद्द. परत कधी येता येईल, हे देवालाही सांगता यायचं नाही.”

“ठाऊक आहे.”

“घरी कोण असतं?”

“बायको. सातवा महिना आहे.”

बाईंनी कीबोर्ड पुढे ओढला. “शनिवारची जागा धरून ठेवते. उद्या दुपारपर्यंत कळवा,” एवढंच म्हणाल्या.

बायकोने त्याला अडवलं असतं, तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. ती पलंगावर पाय पसरून त्याची बॅग भरत होती.

“लोकरीचे मोजे? तिकडे?”

“आजारी माणसाचे पाय गार पडतात. तू तुझ्या लिफ्टा सांभाळ, मला शिकवू नकोस.”

“तू एकटी कशी राहशील?”

“राहीन. रडत राहीन, पण राहीन.” तिने मोजे बाहेर काढले आणि पुन्हा त्यांची घडी घातली. “नाही गेलास, तर जन्मभर तोंड पाडून बसशील. ते मला बघवणार नाही.”

आईची गोष्ट वेगळी होती. मागच्या आठवड्यात तो पहिल्यांदा ‘येतो’ म्हणाला, तेव्हा आईने त्याला शपथा घातल्या होत्या. “इतकी वर्षं घासलीस त्या परवान्यासाठी. पोटुशी पोर तिथे एकटी टाकून येतोस? बाबांना आवडेल का?” तो बधला नव्हता. परवाना गेला खड्ड्यात, असं म्हणून त्याने फोन ठेवला होता. दुसऱ्या दिवसापासून आईच्या प्रत्येक फोनमागे पाऊस ऐकू येऊ लागला.

सकाळी कामावर जाण्यापूर्वी त्याने स्वयंपाकघरातूनच फोन लावला. तिकडे दुपार झाली होती.

“आई, शनिवारी निघतोय.”

“अरे, पण येणार कसा? पुलावरून पाणी चाललंय. जीपवाल्याने गाडी घरी लावून ठेवलीय. दूधवालासुद्धा फिरकला नाही.”

“मी पुलापर्यंत येईन आणि पुढे चालत येईन.”

“चालत! लहानपणी घोटाभर पाण्यात पाय घसरला, तर सगळी आळी गोळा केली होतीस.”

त्याला हसू आलं. “व्हिडिओ लाव ना. घर तरी बघू दे.”

“रेंज कुठाय? बोलणं ऐकू येतंय, हेच नशीब. थांब, खिडकीशी जाते. हं, ऐक.”

पत्र्यावर पाण्याचा ताडताड आवाज येत होता. बालपणातला तो आवाज त्याला पाठ होता. त्याने डोळे मिटले. सर जरा ओसरल्यासारखी वाटली, मागे कुठेतरी कावळा ओरडला.

“कमी होतोय वाटतं, आई.”

“कसला कमी! जोर धरतोय बघ,” आई मोठ्याने म्हणाली, आणि सर पुन्हा कोसळू लागली.

“बाबांना दे जरा.”

“आत्ताच डोळा लागलाय रे.”

“मी फोन केला की नेमका डोळा लागलेला!”

“औषधंच तशी आहेत.”

“माझी आठवण काढतात का?”

पत्रा वाजत राहिला. “काढतात तर. म्हणतात, त्याला सांग, पाण्यात उतरू नकोस. पाऊस उघडला की ये.”

“तोवर राहतील ते?”

“राहतील. मी आहे ना.”

तो भिंतीला कपाळ टेकून उभा राहिला. पलीकडच्या तीरावर वडील शेवटचे श्वास मोजतायत आणि अलीकडे आपण बॅग घेऊन पाण्याकडे बघत बसलोय, हे चित्र त्याला स्पष्ट दिसलं. परवाना गेलेला, बायको एकटी, आणि वडीलही भेटलेले नाहीत. तेलही गेलं, तूपही गेलं. दारात बायको उभी होती. तिने त्याचा चेहरा वाचला आणि ती आत गेली.

“बरं,” तो कसाबसा म्हणाला. “नाही येत. पाणी उतरलं की त्याच दिवशी कळव.”

“कळवते हं, राजा. जेवून जा कामावर.”

तिकडे आईने फोन बंद केला, डोळे कोरडे केले आणि मागचं दार उघडलं. ऊन इतकं कडक होतं, की तिला कपाळावर हाताचा आडोसा धरावा लागला. कोरड्या ठणठणीत अंगणात खुर्चीवर उशांच्या आधाराने वडील बसले होते, दोन्ही थरथरत्या हातांनी झाडांना पाणी घालायचा पाइप पत्र्यावर रोखून धरत त्यांनी नुसत्या ओठांनी तिला विचारलं, “ठेवला का त्याने?”